पंगत एका पानाने सरकली

पेटी उघडायला परवानगी मिळाली होती आणि मी नको म्हणत होते.

स्क्रीनवर मार्टिन होता. तो आमच्या प्रयोगातल्या उपगटाचा कन्व्हिनर, म्हणजे कोणतं अ‍ॅनालिसिस पुढे जाईल आणि कोणतं अडेल हे ठरवणारा माणूस. त्याच्याकडे सकाळ होती, आमच्याकडे संध्याकाळ. इंदूरच्या भंवरकुआं भागातले कोचिंग क्लास सुटले होते आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न थेट माझ्या केबिनमध्ये येत होते. शेजारी केतकी बसली होती, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. अ‍ॅनालिसिस तिचं होतं. त्यावर तिचा थीसिस उभा होता, आणि थीसिस वेळेत सबमिट झाला तरच जर्मनीतली पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, पोस्टडॉकची जागा तिला मिळणार होती.

"तुझा मुद्दा कळला," मार्टिन इंग्रजीत म्हणाला. "पण पहिला बंच नेहमीच जरा कमी असतो. सगळ्यांना माहीत आहे. तो प्लॉट मागच्या बॅकअप स्लाइडांमध्ये टाका आणि पुढे चला."

"सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बघितलंय का?" मी विचारलं.

तो हसला. मी हसले नाही. केतकीने टेबलाखाली माझ्या पायाला हळूच पाय लावला. मॅडम, आता गप्प बसा, असा त्याचा अर्थ होता.

हा बंच कोण आणि पेटी कसली, ते सांगायला हवं. प्रोटॉनला स्पिन असतो, म्हणजे एक अंगभूत गिरकी. तो भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नाही, पण सोयीसाठी तसं समजलं तरी चालेल. प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात आणि त्यांना चिकटवून ठेवणारे ग्लुऑन असतात. प्रोटॉनचा सगळा स्पिन क्वार्कांकडूनच येत असणार, असं पूर्वी वाटायचं. मोजून पाहिलं तर क्वार्कांकडे फार तर तिसरा हिस्सा निघाला. मग बाकीचा कुठे आहे? ग्लुऑनकडे किती आहे? आमचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती चालतं.

ग्लुऑन बाहेर काढून टेबलावर ठेवता येत नाही. म्हणून आम्ही साक्षीदार शोधतो. दोन प्रोटॉन जोरात आदळले की कधीकधी चार्म नावाचा जड क्वार्क तयार होतो. प्रोटॉनमध्ये स्वतःचा चार्म जवळपास नसतोच, त्यामुळे तो दिसला की बहुतेक वेळा दोन ग्लुऑन एकमेकांवर आदळले असं समजायचं. चार्मही फार टिकत नाही. जाता जाता तो कधीकधी एक इलेक्ट्रॉन मागे सोडतो, आणि तो इलेक्ट्रॉन आम्ही मोजतो.

आता स्पिनचं. आदळणाऱ्या दोन प्रोटॉनांचे स्पिन एकसारखे ठेवले तर किती इलेक्ट्रॉन येतात, आणि उलटसुलट ठेवले तर किती? या दोन आकड्यांत फरक पडला तर प्रोटॉनच्या स्पिनमध्ये ग्लुऑनचा हिस्सा आहे. फरक नाही पडला तर नाही, किंवा इतका थोडा आहे की आम्हाला दिसत नाही. सांगायला सोपं आहे. करायला केतकीची बरीच वर्षं गेली होती.

पेटी म्हणजे आमच्याकडची एक शिस्त. उत्तर आधी दिसलं की माणूस नकळत हव्या त्या बाजूला झुकतो. म्हणून प्रोग्रॅम खऱ्या उत्तरात मुद्दाम गडबड मिसळून ठेवतो आणि कुणालाच ते दिसत नाही. पद्धत सगळ्यांना मान्य झाली की पेटी उघडायची. एकदा उघडली की पद्धतीला हात लावायचा नाही. जे येईल ते आपलं. नंतर काही दुरुस्त करायला गेलात तर लोक म्हणणार, उत्तर आवडलं नाही म्हणून केलंत, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

म्हणून मी अडून बसले होते. शंका घ्यायची तर ती पेटी बंद असतानाच घ्यायला हवी होती.

शंका एका साध्या प्लॉटवरून, म्हणजे आलेखावरून आली. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे कणांना वेग देणारं मशीन. त्यात प्रोटॉन झुबक्या-झुबक्यांनी पळतात. एका झुबक्याला बंच म्हणतात. प्रत्येक बंचचा क्रमांक ठरलेला असतो आणि त्याचा स्पिन कोणत्या दिशेचा, हेही आधीच ठरलेलं असतं. या दिशा रांगेत सतत बदलत्या ठेवतात, म्हणजे मशीनमध्ये दिवसभरात जी काही कुरकुर होईल ती दोन्ही प्रकारांच्या वाट्याला सारखीच येते. रांगेच्या शेवटी काही जागा मुद्दाम रिकाम्या असतात, बीम, म्हणजे प्रोटॉनांचा झोत, बाहेर काढताना मशीनला उसंत मिळावी म्हणून.

केतकीच्या प्लॉटमध्ये प्रत्येक क्रमांकाचा एक खांब होता, जितके इलेक्ट्रॉन तितका उंच. सगळे खांब एका उंचीचे, फक्त पहिला बुटका. थोडाथोडका नाही, चांगलाच बुटका.

"रिकाम्या जागांचे खांब कुठे आहेत?" मी तिला विचारलं होतं.

"ते तर आधीच काढून टाकलेले असतात ना मॅडम. फाइलमध्ये येतच नाहीत."

तेही खरंच होतं. रिकाम्या जागेवर टक्कर होऊ शकत नाही. तिथे काही नोंदलं गेलं तर तो कचरा. म्हणून डेटा सगळ्यांना वाटण्याआधीच तिथलं सगळं झाडून टाकायचा आमच्याकडे रिवाज आहे. फाइली हलक्या होतात, काम भराभर होतं. मी इंदूरची आहे, सफाईचं मला कुणी शिकवायला नको. आमच्या घरात माणसांपेक्षा कचऱ्याचे डबे जास्त आहेत. पण घंटागाडीत टाकण्याआधी डब्यात कोणी चमचा तर टाकला नाही ना, हे मी बघतेच.

मार्टिनला मी सांगितलं, "मला न झाडलेला डेटा बघायचा आहे. सगळा नको. सीझनच्या सुरुवातीचे थोडे रन आणि शेवटचे थोडे." रन म्हणजे मशीन सलग चालवून एका बैठकीत घेतलेला डेटा.

"तो टेपवर आहे. काढायला वेळ लागतो."

"लागू दे."

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "एक आठवडा. मग पेटी उघडायची, काहीही निघो."

"काही निघालं नाही तरच," मी म्हणाले.

कॉल संपल्यावर केतकी उठलीच नाही. लॅपटॉपचं झाकण बंद करून त्यावर हात ठेवून बसली.

"मॅडम, बस एक प्लॉटसाठी सगळं रोकायचं?" ती म्हणाली. "तिकडे जर्मनीवाल्यांनी साफ लिहिलंय, या टर्ममध्ये सबमिशन पाहिजे. एक्स्टेंशन मागितलं तर ते दुसऱ्याला घेऊन टाकतील. लाइन लागलेली आहे."

"माहीत आहे."

"आणि कन्व्हिनर स्वतः हो म्हणतोय. आपणच नको म्हणायचं? मतलब, असं कोण करतं?"

मला तिचा राग आला नाही. मला माझाच थोडा वैताग आला, कारण नुकसान तिचं होणार होतं आणि हट्ट माझा होता. माझी नोकरी पक्की. मला कुणी जर्मनीला बोलावत नव्हतं. पण चुकलेलं काहीतरी डोळ्यांसमोर दिसत असताना सही करणं मला जमत नाही. हा गुण आहे की खोड, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

दोन-तीन दिवसांनी केतकीचे वडील डिपार्टमेंटला आले. मुळेजी शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. कृष्णपुऱ्याजवळ राहतात. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात शेवटच्या दिवशी पंगत बसते, तिथे वाढण्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असते. कमरेला उपरणं बांधून ते रांगेच्या टोकाला उभे राहिले की कुणाची हिंमत नसते मधूनच वाढायला सुरुवात करायची.

आज मात्र ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडमजी, नाराज नका होऊ," ते म्हणाले. "तुमच्या कामात बोलायचा मला काही हक नाही. पण पोरीचं खाणं-पिणं सगळं छुटलंय. तिची आई मला म्हणते, जाऊन विचारा तर खरं, की गलती आहे कुठे. कारण केतकी सांगते ते आम्हाला काही समजत नाही."

मी चहा मागवला आणि म्हणाले, "मुळेजी, तुमची पंगत डोळ्यांसमोर आणा. आता मंडळात अर्धे लोक डायबेटिसवाले झालेत."

"अर्धे काय, त्याहून जास्ती. मी पण आहे."

"समजा तुम्ही बसवलंत असं, की एक पान गोडाचं आणि एक बिनगोडाचं. शेवटपर्यंत हाच क्रम. वाढणारा मान वर करून बघत नाही, नुसती पानं मोजत जातो. श्रीखंड, काकडी, श्रीखंड, काकडी. आणि पहिल्याच पानाला तो चुकला. पहिलं पान सोडून दुसऱ्यापासून मोजायला लागला."

मुळेजींचा कप हातातच राहिला. "गेलं मग सगळं. डायबेटिसवाल्यांना श्रीखंड आणि बाकीच्यांना काकडी."

"पंगत दिसायला कशी दिसेल?"

"दिसायला फर्स्ट क्लास. सगळ्यांच्या पानात काही ना काही आहे." ते थांबले. "पण पहिल्या पानावर काहीच नसेल ना. पहिला माणूस उपाशी."

"केतकीच्या प्लॉटमध्ये मला तो पहिला माणूस उपाशी दिसतोय," मी म्हणाले. "पूर्ण उपाशी नाही, अर्धपोटी. म्हणजे काही वेळा बरोबर वाढलंय आणि काही वेळा चुकलंय. आता तुम्ही सांगा, खात्री करायची तर कुठे बघाल?"

"दुसऱ्या टोकाला," ते लगेच म्हणाले. "शेवटी आपण चार पानं रिकामी मांडून ठेवतोच, कोणी उशिरा आलं तर. मोजणी सरकली असेल तर तिथल्या पहिल्या पानावर वाढलेलं असेल, माणूस नसताना."

"तेच. आणि आमच्याकडे ती रिकामी पानं कुणी बघायच्या आधीच उचलून टाकायची पद्धत आहे."

मुळेजी म्हणाले, "ही तर मोठी अजीब पद्धत आहे, मॅडमजी." चहा संपवून ते उठले. पोरीच्या जागेचं काय, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

टेपवरचा डेटा आठवड्याच्या शेवटी हाती आला. केतकीने आधी सीझनच्या सुरुवातीचे रन उघडले. रिकाम्या जागा खरोखर रिकाम्या होत्या. पहिला खांब इतरांच्या बरोबरीचा. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बघा, मी सांगत होते.

मग तिने शेवटचे रन उघडले. पहिल्या क्रमांकावर काहीच नव्हतं. आणि जिथे एकही प्रोटॉन नव्हता, त्या रिकाम्या जागांपैकी पहिल्या जागेवर एक पूर्ण उंचीचा खांब उभा होता. आजूबाजूच्या खांबांसारखाच, व्यवस्थित, इलेक्ट्रॉनांनी भरलेला.

केतकीने प्लॉट बंद केला, प्रोग्रॅम परत चालवला. तोच खांब आला. मग तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"अरे बाप रे," ती म्हणाली. "मॅडम, मी तर हे पब्लिश करणार होते."

पुढचं शोधायला फार अक्कल लागली नाही. सीझनच्या मध्यावर इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या ट्रिगरचं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बदललं होतं. ट्रिगर म्हणजे कोणती टक्कर ठेवायची आणि कोणती सोडायची, हे क्षणात ठरवणारी यंत्रणा. नवं कार्ड उत्तम चालत होतं, फक्त सिग्नल एक टप्पा, म्हणजे एका बंचाइतका, उशिरा देत होतं. त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉनवर त्याच्या बंचऐवजी शेजाऱ्याच्या क्रमांकाची चिठ्ठी लागत होती, आणि शेजाऱ्याचाच स्पिन. आमच्या रांगेतला क्रम पंगतीसारखा काटेकोर एकआड एक नसतो, म्हणून निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा उलट. टकरी टिपणारा बाकी डिटेक्टर ठणठणीत होता, म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि जिथे वावगं दिसलं असतं ती जागा आम्ही झाडून लख्ख केली होती.

चूक समजली तरी दुरुस्ती सोपी नव्हती. नमुन्यापुरता डेटा आठवड्यात मिळाला होता. सगळा सीझन टेपवरून काढून, क्रमांक मागे सरकवून, नव्याने प्रोसेस करायला टर्म उलटून जाणार होती. मी केतकीला म्हणाले, "जर्मनीला मी लिहिते. चूक डिटेक्टरची आहे, तुझी नाही, हे माझ्याकडून गेलेलं बरं."

"नको, मॅडम," ती म्हणाली. "मीच लिहिते. माझं अ‍ॅनालिसिस आहे."

तिने माझ्यासमोर बसून मेल लिहिला. विनवण्या नाहीत, कारणांची लांबण नाही. डेटात दोष सापडला आहे, तो दुरुस्त केल्याशिवाय मी थीसिस देऊ शकत नाही, तुम्ही थांबू शकत असाल तर आभारी राहीन. सेंड दाबून ती पाणी प्यायला बाहेर गेली. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मॅडम, प्लीज, आत्ता नको. रडायला येईल."

पुढच्या कॉलवर केतकीने दोनच प्लॉट दाखवले, आधीचा आणि नंतरचा. मार्टिन स्क्रीनजवळ सरकला.

"हे झाडलेल्या फाइलींमध्ये दिसणारच नाही," तो म्हणाला.

"नाही दिसणार," केतकी म्हणाली.

"त्या फाइली आणखी किती जण वापरतायत?"

कॉलवरचे बरेच जण वापरत होते. एकाने तर तोंडातल्या तोंडात असं काही म्हटलं की ते इथे लिहिण्यासारखं नाही. मार्टिनने मान हलवली. "ठीक आहे. सगळ्यांच्या पेट्या बंद. सगळा डेटा पुन्हा." मग म्हणाला, "पहिला बंच नेहमी कमी असतो, हे माझं वाक्य मी मागे घेतो." हे त्याने सगळ्यांसमोर म्हटलं. त्याबद्दल मी त्याला मानते.

जर्मनीहून उत्तर आलं. सभ्य होतं. तुमची भूमिका आम्हाला कळते, पण जागा या टर्मपुढे राखता येत नाही. केतकी दोन दिवस डिपार्टमेंटला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि थेट प्रोसेसिंगच्या रांगेत पुढचे रन लावायला बसली. त्यानंतर तिने एकदाही घाई केली नाही. उलट मीच कधीकधी विचारायचे, झालं का, आणि ती म्हणायची, "रिकाम्या जागा बघतेय अजून."

पेटी उघडायचा दिवस आला तेव्हा मुळेजी केबिनबाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. मांडीवर स्टीलचा डबा. आत बसवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून दार मी उघडं ठेवलं. पद्धत पुन्हा मान्य झाली. मार्टिनने विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" आणि मुद्दाम माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणाले. "उघडा."

केतकीने एंटर दाबलं. आकडा आला. शून्याच्या अगदी जवळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली अनिश्चितता त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी. म्हणजे ग्लुऑनचा हिस्सा खूप मोठा असता तर तो आम्हाला दिसला असता, तो दिसला नाही. थोडा असेल तर आहे की नाही ते आमचा डेटा सांगू शकत नाही. आमच्या धंद्यात हेही उत्तर असतं आणि ते छापलं जातं. पण इतक्या खटाटोपानंतर शून्य बघायला आवडत नाही, खोटं कशाला बोलू.

मग केतकीने उत्सुकतेपोटी जुन्या डेटातल्या फक्त सरकलेल्या रनांचंही उत्तर काढलं. आता ते बघायला हरकत नव्हती. तेही शून्याजवळच निघालं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर फरक करणं कठीण.

कॉल संपला. मुळेजी आत आले. आमची तोंडं पाहून त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"शून्य, बाबा," केतकी म्हणाली.

"आणि आधी? गलतीवालं?"

"तेही शून्य."

मुळेजी खुर्चीवर बसले. चिडून नाही, अगदी सरळ विचारलं, "मग बेटा, फरक काय पडला? जागा तर गेली."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. केतकीने मला थांबवलं.

"बाबा, चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या की निम्मं इकडे, निम्मं तिकडे होतं. तो डेटा शून्याकडेच ओढतो," ती म्हणाली. "आत खरंच काही असतं ना, तरी शून्यच दिसलं असतं. ते शून्य आपल्या गलतीचं. हे प्रोटॉनने स्वतः दिलेलं आहे."

मुळेजींनी तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, जणू तिथे काही वाचता येणार होतं. "मग ठीक आहे," ते म्हणाले आणि डबा उघडला. श्रीखंड होतं. स्वतःला घेतलं नाही, आम्हा दोघींना वाढलं, पहिलं पान तिचं.

तिला पुढे दुसरी जागा मिळाली, जर्मनीइतकी नावाची नाही आणि बरीच उशिरा. तिथून पहिल्या महिन्यात तिचा मेल आला. तिने गेल्या गेल्या न झाडलेला डेटा मागितला, म्हणून तिथले लोक तिच्यावर नाराज आहेत. मी तिला लिहिलं, नाराज राहू देत, रिकाम्या जागा बघून झाल्याशिवाय हटू नकोस. तिचं उत्तर एका ओळीचं होतं. "मॅडम, बघितल्या. भरलेल्या आहेत."